चादरीचं दुसरं टोक

उताराचा रस्ता जिथे वळतो तिथे मावशीची लाँड्री होती. खाली पाण्याच्या टाक्या, यंत्रं आणि इस्त्रीचं लांबलचक टेबल. मधल्या मजल्यावर राहायच्या दोन खोल्या. आणि सगळ्यात वर वाळवणीची खोली. ही वरची खोली म्हणजे निराळंच जग. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर दवाखान्याच्या आणि लॉजच्या पांढऱ्या चादरी, आणि दोन्ही बाजूंना सताड उघड्या खिडक्या. वारा आला की सगळ्या चादरी एकदम फुगायच्या आणि मग सावकाश खाली बसायच्या. त्यांच्यातून चालताना आपण नक्की कुठे आहोत ते कळायचं नाही. पावलं एकीकडे वाजायची आणि माणूस भलतीकडूनच बाहेर यायचं. नीळ, खळ आणि ओल्या सुताचा वास असा भरून राहिलेला असायचा की नवख्या माणसाला तिथे हमखास जांभई यायची.

मावशीला मात्र जांभई द्यायलासुद्धा फुरसत नव्हती.

मावशी भाविक बाई. पण दुसऱ्याला उपदेश करत फिरणाऱ्यांतली नव्हे. रोज पहाटे ती बायबलमधला एक अध्याय वाचायची आणि दिवसभर तो हातांनी गिरवायची. प्रभूने जे केलं ते आपण करायचं, एवढं सरळ गणित. अडचण इतकीच, की कुठलंही वचन वाचलं तरी तिला त्यातून एकच अर्थ लागायचा: आणखी एक काम. कुणी एक कोस चालायला लावलं तर दोन कोस जा, असं वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती धुतलेले कपडे गिऱ्हाइकांच्या दारात नेऊन द्यायला लागली. अंगरखा मागणाऱ्याला झगाही द्यावा असं वाचलं, तर लोकांच्या शर्टांची तुटलेली बटणं फुकट लावून द्यायला लागली. डोंगरावरच्या प्रवचनातून या बाईने डोंगराएवढी कामं काढली होती, आणि ती सगळी बिनबोभाट चालू होती.

एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी विहिरीवरची गोष्ट सांगितली. भर दुपार, प्रभू चालून चालून थकलेला, विहिरीच्या काठावर टेकलेला. तेवढ्यात एक परकी बाई घागर घेऊन येते आणि प्रभू तिला म्हणतो, बाई, थोडं पाणी देतेस का? पाळक म्हातारे होते, हळू बोलायचे, आणि त्या दिवशी तर फारच हळू बोलले. मावशीने सगळं मन लावून ऐकलं. सोमवारी सकाळी लाँड्रीच्या दारात नवा कोरा माठ, त्यावर लाकडी झाकण आणि झाकणावर स्टीलचा पेला. जाणाऱ्या-येणाऱ्याने प्यावं.

पाळक आपले शर्ट घ्यायला आले तेव्हा त्यांनी माठ बघितला. पेलाभर पाणी प्याले, ओठ पुसले आणि म्हणाले, "मावशी, विहिरीवरच्या त्या गोष्टीत तुम्ही कोण?"

"मी? मी पाणी देणारी, आणखी कोण!"

"हं." पाळकांनी पेला झाकणावर ठेवला. "पण त्या दिवशी तहान प्रभूला लागली होती, नाही का? मागितलं त्याने."

"म्हणून तर माठ ठेवला!" मावशी विजयी मुद्रेने म्हणाली, आणि त्यांच्या शर्टाची झिजलेली कॉलर उलटून शिवल्याचं दाखवू लागली.

पाळकांनी शर्ट काखोटीला मारले आणि निघाले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, तो घडा मावशीच्या दारात चांगला उताणा भरलेला होता, पण गत तीच.

आता सुनेबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरी तिची आहे.

मावशीने स्वतःच्या सासूचं जे भोगलं होतं ते ती कुणाला सांगत नसे. ती सासू अशी, की तिने नुसतं बघितलं तरी तापलेलं दूध नासावं. मुलाचं लग्न ठरलं त्या दिवशी मावशी वरच्या खोलीत गेली, चादरींच्या मध्ये गुडघे टेकले आणि प्रभूला शब्द दिला, की माझ्या सुनेला या घरात इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही. प्रभू शिष्यांचे पाय धुतो, मग मी सुनेचं ताट धुवायला काय हरकत आहे?

आणि तिने शब्द पाळला. हीच तर पंचाईत झाली.

सून बेकरीत वाढलेली. बापाच्या भट्टीवर पहाटेपासून पीठ मळणारी, दंड भरलेले, हसणं खणखणीत. येताना तिने माहेरून कोरफडीची एक कुंडी आणली होती, ती खिडकीत ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पदर खोचून खाली आली. बघते तर झाडून झालेलं, चहा झालेला, पाणी तापलेलं. तिने केरसुणी शोधली तर मावशीने हातातून काढून घेतली. भांड्यांना हात लावला तर भांडी काढून घेतली. "तू बस," मावशी म्हणाली. प्रेमाने, अगदी पाठीवर हात ठेवून. त्यानंतर हे दोन शब्द त्या घरात इतक्या वेळा बोलले गेले की खिडकीतल्या कोरफडीलाही पाठ झाले असतील.

पहिल्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. मावशी वरच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. मोठ्या चादरीची घडी एकट्याने घालता येत नाही, हे ज्याने कधी घातली आहे त्याला ठाऊक असतं. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, दोन दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, आणि मग एकमेकांकडे चालत यायचं. हाताला हात लागला की टोकं सोपवायची, वाकून खालची दुमड उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. मावशीचा नवरा होता तेव्हा ही घडी ते दोघे मिळून घालायचे. तो बोलका माणूस. दर चादरीला चालत जवळ आला की काहीतरी आचरट बोलायचा, आणि मावशी "लोक ऐकतील" म्हणून दटावायची. वरच्या मजल्यावर लोक कुठले आले असते! तो गेला, आणि प्रेतयात्रेला आलेली माणसं आपापल्या घरी परतल्यावर मावशीने हातोडी घेतली आणि भिंतीत दोन लाकडी खुंट्या ठोकल्या. दोन टोकं खुंट्यांना अडकवायची, दोन आपण धरायची. झाली सोय. कुणी विचारलं तर म्हणायची, "खुंटी दमत नाही, रजा मागत नाही, आणि मरत नाही."

तर त्या दिवशी सून चादरींमधून वाट काढत आली आणि मावशी टोकं अडकवणार इतक्यात समोर येऊन उभी राहिली, दोन्ही हात पुढे करून.

"अगं, राहू दे. खुंटी आहे ना," मावशी म्हणाली. "तू बस."

सून क्षणभर तशीच उभी राहिली. रिकामे हात तसेच पुढे. मग तिने ते खाली घेतले आणि खिडकीशी जाऊन बसली.

तेव्हापासून ती बहुतेक बसलेलीच असायची. नवरा जहाजावर स्वयंपाकी. तो कधी या समुद्रात, कधी त्या, महिनोन् महिने घरी नाही. फोनवर विचारायचा, "आई त्रास देत नाही ना?" ती म्हणायची, "छे, उलट." यात खोटं काहीच नव्हतं. शेजारची शिंपीणकाकू तर उठता-बसता म्हणायची, "काय नशीब काढलंस पोरी! माझी सासू अशी असती तर मी तिच्या फोटोला रोज हार घातला असता. फोटोची वाटसुद्धा बघितली नसती, जिवंतपणीच घातला असता!" सून हसायची. आधी खणखणीत, मग नुसतीच दात दाखवून, आणि मग तेही नाही. मावशीला वाटलं, पोर मोठी झाली, समंजस झाली.

एका शुक्रवारी जेवताना सून म्हणाली, "आई, उद्या दुपारच्या बसने मी माहेरी जाते."

"जा की! हक्काचं घर आहे. किती दिवस राहशील?"

"बघते," सून म्हणाली, आणि ताट उचलायला गेली. ते मावशीने नेहमीप्रमाणे आधीच उचललं होतं.

मावशीला काही वावगं वाटलं नाही. उलट ती उत्साहाने वाटेचा डबा काय करावा या विचाराला लागली. शनिवारी सकाळी सुनेच्या खोलीत शिदोरीचा डबा ठेवायला गेली आणि उंबऱ्यातच थांबली. बॅग भरलेली होती, ते ठीक. पण खिडकीतली कोरफडीची कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेली होती. चार दिवसांसाठी जाणारं माणूस कुंडी नेत नाही.

मावशी आत आली. डबा हातात तसाच.

"काय कमी पडलं गं?" तिने विचारलं.

सून पलंगाच्या कडेला बसली होती. "काहीच नाही," ती म्हणाली. "तेच."

"म्हणजे?"

"आई, पाहुणा पण दोन दिवसांनी उठून स्वतःचा पेला विसळतो हो. मला वर्ष झालं." तिने हातांकडे बघितलं. "माझ्या हातांना या घरात काही लागतच नाही. पहाटे जाग येते तेव्हा खाली सगळं आवाज न करता चाललेलं असतं, माझी झोप मोडू नये म्हणून. मग मी डोळे मिटून पडून राहते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. वर्षभर मी झोपेचं सोंग घेतेय."

"पण मी तर तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे. म्हणून तर भांडताही येत नाही." ती हसली, पण डोळे भरले होते. "वाईट सासूशी भांडता तरी येतं. तुमच्याशी कशावरून भांडू? आणि ही कोरफड बघा. मी आठवड्यातून एकदा घालायचे पाणी, तुम्ही रोज घालता, मी उठायच्या आधी. मुळं कुजत आलीत तिची. हिला इतकं पाणी नाही लागत आई. सांगणार होते, पण तुम्ही इतक्या मायेने घालत होता."

मावशीने डबा बॅगेवर ठेवला. काही बोलायला हवं होतं, पण जे जे सुचलं ते सगळं काहीतरी देण्याचं होतं. दुसरी खोली देते. दुसरी कुंडी आणून देते. तिकिटाचं बघते. ती वळली आणि जिना चढून वर गेली. मनातून तिला रागही आला होता, खोटं कशाला सांगा. इतकं केलं त्याचे हे पांग फेडले! प्रभूलाही हेच म्हणायचं होतं तिला, तोंडावर.

वर चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या मेजावरचं वस्त्र वाळत होतं. उद्या महिन्याचा पहिला रविवार. ते वस्त्र चांगलं लांब, जुनं, काठाला पांढऱ्यावर पांढरं विणकाम. ते पूर्ण वाळू द्यायचं नसतं. जरा ओलसर असतानाच ताणून घडी घालायची, नाहीतर काठ आखडतात आणि मग कितीही इस्त्री फिरवा, ते जन्मभर वाकडे. मावशीने हात लावून पाहिला. अजून थोडा वेळ होता. ती धुतलेल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यावर टेकली. पहाटेपासून उभी होती. वारा आला, चादरी फुगल्या, सावकाश बसल्या. पुन्हा फुगल्या.

आणि मग तिला चादरींखालून पाय दिसले.

धुळीने माखलेले, खूप चाललेले पाय. चपलांचे पट्टे झिजलेले. पाय एका चादरीखालून दिसायचे, मग दुसऱ्या. सावकाश इकडे येत होते. हे पाय कुणाचे हे मावशीला विचारावं लागलं नाही. पांढरा उजेड होता, आवाज कशाचाच नव्हता, आणि तिला भीती वाटली नाही. वाटली ती फक्त घाई. अगबाई, तो आला आणि मी अशी बसलेली! तिने धावत परात आणली. टॉवेल आणला. खुर्ची आणली. चादरी बाजूला सारून तो समोर आला तेव्हा ती धापा टाकत उभी होती आणि तिच्या हातात प्रभुभोजनाचं ते वस्त्र होतं, कसं आलं कोण जाणे.

तो बसला नाही. त्याने परातीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि समोर येऊन दोन्ही हात पुढे केले. वस्त्राची दुसरी टोकं मागत होता तो. घडी घालायला.

"तुम्ही?" मावशी शरमून गेली. "छे, छे! तुम्ही कशाला? तुम्ही बसा. खुंटी आहे ना."

आणि तिने टोकं खुंट्यांना अडकवली.

तो रागावला नाही. तसाच उभा राहिला, रिकामे हात पुढे धरून. चादरी फुगल्या, बसल्या, तरी हात तसेच. मावशीला वाटलं, असे उभे राहिलेले हात आपण कुठेतरी पाहिले आहेत, याच खोलीत. आठवेना. मग त्याने हात खाली घेतले आणि तो वळला. पाय एका चादरीखालून गेले, मग दुसऱ्या, मग लांबच्या. "थांबा, पाणी तरी घ्या," असं तिला ओरडायचं होतं, पण घसा इतका कोरडा पडला होता की आवाजच फुटेना. तहान तिलाच लागली होती. केव्हापासून लागली होती तेही तिला सांगता येईना.

जाग आली तेव्हा गाल टॉवेलाच्या गठ्ठ्यावर होता आणि टॉवेल ओला झाला होता. झोपेत रडली असावी. घसा खरंच सुकला होता. चादरी फुगत होत्या, बसत होत्या. तिने मान वळवून खिडकीकडे बघितलं, जिथे सून त्या दिवशी जाऊन बसली होती, आणि तिला आठवलं ते हात कुणाचे.

"प्रभू," मावशी पुटपुटली.

जिन्यावर पावलं वाजली. सून दारात आली. खांद्याला भरलेली बॅग, कडेवर मूल घ्यावं तशी कुंडी. "येते मी, आई. बस यायची वेळ झाली."

"डबा घेतलास का?" मावशीच्या तोंडून निघून गेलं. वर्षभराची सवय, जीभ आपली चालते. "पाण्याची बाटली? छत्री देऊ का?"

"घेतलं सगळं."

"बरं."

सून थांबली होती. मावशी उठली. गुडघे वाजले. दोरीवरून तिने प्रभुभोजनाचं वस्त्र काढलं. हाताला अगदी हवं तेवढं ओलसर लागलं. आता नाही घातली घडी तर काठ आखडणार. खुंट्या समोरच होत्या, एवढ्या वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या. हात सवयीने तिकडे गेला आणि मावशीने तो मागे घेतला. घागरी भरभरून दुसऱ्याला पाणी देणं तिला कधी जड गेलं नव्हतं. हे एक वाक्य मात्र नवऱ्याची पेटी मातीत उतरली त्या दिवसापासून तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

"टोक धर गं जरा," ती म्हणाली.

सुनेने तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "खुंटी आहे ना," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला जे शिकवलं गेलं होतं तेच ती म्हणत होती.

"आहे," मावशी म्हणाली. "खुंटी आहे. पण मला एकटीने नाही जमत गं. कधीच जमलं नाही. सगळ्या चादरी मी रेटून नेल्या, बाई. तू धर."

सून हलली नाही. वारा आला आणि दोघींच्या मध्ये एक चादर फुगून आली, आणि मावशीला वाटलं, ती चादर खाली बसेल तेव्हा दार रिकामं असेल. चादर खाली बसली. सुनेने कुंडी खिडकीत ठेवली होती. खांद्यावरची बॅग काढून ती कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघत होती. खाली सगळीकडे धुतलेले गठ्ठे. शेवटी तिने ती खुंटीला अडकवली. मग समोर येऊन दोन्ही हात पुढे केले.

मावशीने टोकं तिच्या हातात दिली.

दोघी मागे गेल्या. "ताण," मावशी म्हणाली, आणि सुनेने ताणलं. बेकरीतले दंड ते, वर्षभर बसून राहिलेले! मावशी चार पावलं पुढे फरफटत आली आणि पडता पडता वाचली.

"अगं ए! वस्त्र आहे, कणीक नव्हे!"

"तुम्हीच म्हणालात ताण!"

"ताण म्हणजे बेताने. आणि हे काय, डावीकडून कुठे दुमडतेस? उजवीकडून, उजवीकडून!"

"मग आधी सांगायचं ना!"

"वर्षभर तिथे बसून बघत होतीस की!"

"तुम्ही बसवलं होतं म्हणून बसले होते!" सून ओरडली. हो, ओरडलीच, आणि तो आवाज अगदी पहिल्या दिवसांतल्या हसण्यासारखा खणखणीत होता. "आणि त्या कोरफडीला यापुढे कुणी पाणी घालायचं नाही. सांगून ठेवते. कुणी म्हणजे कुणी!"

"नाही घालत! हातसुद्धा नाही लावत!"

"नकाच लावू!"

उतारावर बसचा हॉर्न वाजला. दोघींनी ऐकला. बस वळणावर थांबली, तिचं इंजिन बराच वेळ घुरघुरत राहिलं, कुणीतरी चढलं, कुणीतरी उतरलं असेल, आणि मग तो आवाज उतारावरून खाली खाली जात नाहीसा झाला. वरच्या खोलीत बसबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग दोघी एकमेकींकडे चालत आल्या. हाताला हात लागला. सुनेचा हात गरम होता, आणि मावशीला तिथेच, टोकं सोपवता सोपवता, रडू आलं. लपवायला हात मोकळे नव्हते, म्हणून ती उघडच रडली. वाकून सुनेने खालची दुमड उचलली आणि मागे गेली, आणि पुन्हा चालत आली.

घडी पुरी झाली तेव्हा मधली रेघ तिरकी आली होती. चांगली दिसण्याइतकी तिरकी.

"वाकडी आली," सून म्हणाली. "मोडून पुन्हा घालूया?"

मावशीने त्या रेघेवरून बोट फिरवलं. तिच्या हातून अशी घडी कधी चर्चला गेली नव्हती. उद्या मेजावर वस्त्र अंथरलं की सगळ्या मंडळीला दिसणार. पाळकांनाही.

"राहू दे," ती म्हणाली. "दिसू दे."

तिने वस्त्र गठ्ठ्यावर ठेवलं आणि तिला जाणवलं, की आपली तहान अजून तशीच आहे. स्वप्नातली तहान जागेपणी गेली नव्हती. खाली दारात माठ होता. रोज तिने तो गावासाठी भरला होता आणि एकदाही त्यातलं पाणी प्यायली नव्हती.

"पोरी," मावशी म्हणाली. दुसऱ्यांदा मागणं पहिल्याइतकं जड गेलं नाही. "थोडं पाणी देतेस का?"

सून दाराकडे निघाली होती. चादरींच्या मधून तिने मागे वळून बघितलं, आणि मावशी सवयीने तिच्यामागे निघालेली दिसली.

"आई," सून म्हणाली, "तुम्ही बसा."

मावशी बसली. चादरी फुगल्या, सावकाश खाली बसल्या. खाली, दारात, माठाच्या लाकडी झाकणाचा आवाज झाला आणि पेला पाण्यात बुडाला.